एकवीस गावांचा प्रधान

राजा रणधवलानं आपल्या मेहुण्याला, भुजंगरावांना, प्रधान केलं आणि त्यांनी पहिल्याच दिवशी हुकूम काढला, "राज्यातल्या एकवीसही गावांचा बाजार यापुढे सोमवारीच!" भुजंगरावांना सारं कसं एकसारखं लागे.

पण सगुणाच्या बापाचे, येसू कुंभाराचे, हाल झाले. तो गाढवावर मडकी लादून आज पळसगाव, उद्या खडकी, असा रोज नव्या बाजाराला जायचा. आता सोमवारी एका गावात खपेल तेवढंच. बाकी सहा दिवस येसू आणि गाढव एकमेकांकडे बघत बसायचे! घरची चूल एक वेळच पेटू लागली, तशी सगुणा तडक दरबारात गेली.

"महाराज, प्रधान आम्ही निवडला असता, तर असा हुकूम निघालाच नसता!"

राजा मोठा हट्टी. मिशीवर ताव देत म्हणाला, "मग निवडा की! आठ दिवस देतो. पण राज्यातल्या प्रत्येक वयात आलेल्या माणसाचा कौल हवा. कौल द्यायला कुणी आपलं गाव सोडायचं नाही. आणि ज्याला ओळखत नाही, त्याला कुणी कौल द्यायचा नाही. जमलं नाही तर तुझ्या बापाचं चाक जप्त!"

भुजंगराव खदखदून हसले. "एकवीस गावं ओळखतात असा माणूस एकच, पोरी. तो सिंहासनावर बसलाय!"

"बरं तर, महाराज," सगुणा म्हणाली, "दवंडी तुमची, मडकी माझी!"

गावोगावी दवंडी पिटली. प्रत्येक गावात जेवढे उमेदवार, तेवढी मडकी देवळात मांडली. एकावर विळ्याची खूण, दुसऱ्यावर पानाची. प्रत्येकानं एक खडा घ्यायचा, मूठ सगळ्या मडक्यांत घालायची, पण खडा एकातच सोडायचा. सुनेनं कौल कुणाला दिला, सासूला कळेना! खडकीच्या पाटलानं तर मडक्याला कान लावला. पण सगुणानं तळाशी वाळू घातली होती.

असा प्रत्येक गावानं आपल्यातला एक माणूस निवडला. ते एकवीस जण राजधानीच्या धर्मशाळेत तीन दिवस एकत्र जेवले, कडाकडा भांडले, एकमेकांना पुरते ओळखू लागले आणि त्यांनी आपल्यातल्याच पळसगावच्या केरोबा तेल्याला प्रधान निवडलं.

आठव्या दिवशी सगुणा त्या सगळ्यांना घेऊन दरबारात हजर! "महाराज, लोकांनी आपल्या गावातच, ओळखीच्या माणसाला कौल दिला. आणि या एकवीस जणांनी पारखून प्रधान निवडला."

राजा अडून बसला. "मला नाही पसंत! भुजंगरावच राहतील!"

"राहू देत की! ज्यांना ते हवेत, त्यांनी त्यांच्यामागे बसावं. अकरा जण बसले तर चाक तुमचं."

भुजंगराव उपरणं सावरून ऐटीत बसले. मागे दोघंच आले. एक त्यांचा साडू, दुसरा साडूचा व्याही! बाकीचे अठरा केरोबाच्या मागे.

राजाच्या मिशीत हसू फुटलं, पण त्यानं ते दाबलं. "आणि हा तेली उद्या माजला तर?"

"तर हेच लोक त्याच्यामागून उठतील. आणि हेच चुकले, तर पाच वर्षांनी आम्ही पुन्हा मडकी मांडू!"

"बाजाराचा वार आता हा ठरवणार?"

"नाही, महाराज! फौज आणि हमरस्ते प्रधानानं बघावेत. बाजाराचा वार ज्या त्या गावानं ठरवावा."

"अगं, मग माझ्याकडे उरलं काय?"

"महाराज, उद्या निम्मे याच्यामागे आणि निम्मे त्याच्यामागे बसून भांडू लागले, तर कुणाच्याच मागे न बसणारा एक तरी माणूस राज्यात नको का?"

राजा एवढ्या मोठ्यानं हसला, की कारंज्यावरची कबुतरं उडाली. सोमवारचा हुकूम त्यानं तिथल्या तिथे फाडला आणि नदीकाठची चिकणमातीची अख्खी पट्टी सगुणाच्या नावे करून दिली!