महिपतने आखाड तळला

एका गावात एक भोळा महिपत होता. गाव त्याला भोळा म्हणायचं, कारण गावाला त्याच्याबरोबर संसार करायचा नव्हता. तो त्याची बायको कालिंदी करायची. तिच्याकडे त्याच्यासाठी दुसरा शब्द होता, पण सासू घरात असल्यामुळे ती तो मनातल्या मनात म्हणायची.

महिपतचं वय पंचावन्न. इतक्या वर्षांत तो स्वयंपाकघरात गेला तो फक्त जेवायला. त्याला कुणी काही शिकवलं नाही, त्यानंही कधी विचारलं नाही. पुरुषमाणूस आहे असं म्हटलं, की गावात एवढं खपून जातं.

त्या वर्षी त्यांच्या लेकीचं, शेवंताचं, लग्न झालं. लग्नानंतरचा पहिला आषाढ आला. रीत अशी, की आखाडात तळण करायचं आणि लेकीच्या सासरी दुरडी पाठवायची. दुरडी गेली नाही तर लेकीला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. नेमका कालिंदीचा पाय अंगणात घसरला आणि उजवा हात मोडला. हात प्लास्टरमध्ये गेला, रीत मात्र धडधाकट राहिली. घरोघरी कढया चढलेल्या, शेजारणींना सवड नव्हती. आखाड संपायला तीन दिवस उरले होते.

"अहो, आज आखाड तळायचाय," कालिंदी म्हणाली. "गॅसवर तेल ठेवा. मी आईंना चहा देऊन आले."

ती आली तेव्हा घरभर काळा धूर होता. महिपतच्या झाऱ्यात काहीतरी जळकं लोंबत होतं.

"हे काय?"

"आखाड."

"अहो, पण आहे काय ते?"

"आखाडच. कॅलेंडरवर बघितला. जुलैत सुरू होतो, ऑगस्टात संपतो. म्हणून दोन्ही पानं तळली. पण खुसखुशीत होत नाहीये."

कालिंदीने डाव्या हाताने गॅस बंद केला.

"आखाड तळायचा म्हणजे कापण्या तळायच्या! गुळाच्या कणकेच्या! आणि तेल तापत ठेवून तुम्ही कॅलेंडर काढायला बाहेर गेलात? घर पेटलं असतं! ध्यानात ठेवा, तापलं की तिथून हलायचं नाही. कुणी हाका मारल्या तरी नाही."

"मग तसं आधी सांगायचं," महिपत म्हणाला.

संध्याकाळी सासूला हुडहुडी भरली. कालिंदीने कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, आई चांगल्याच तापल्यात. पळा, डॉक्टरांना घेऊन या."

महिपतने पाट ओढला आणि आईच्या उशाशी बसला.

"पळा म्हणते ना!"

"तापलं की हलायचं नाही."

"अहो, डॉक्टर!"

"कुणी हाका मारल्या तरी नाही."

शेवटी गळ्यात हात अडकवलेली कालिंदीच वेशीपर्यंत गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. महिपत पाटावरून इंचभर हलला नव्हता. म्हातारीला तहान लागून तिच्या घशाला कोरड पडली होती, आणि तांब्या दोन हातांवर होता.

"तापलं म्हणून नुसतं बघत बसायचं?" कालिंदी कडाडली. "पाण्यात फडकं भिजवायचं, पिळायचं आणि वर ठेवायचं. पट्ट्या ठेवल्या की ताप उतरतो."

"मग तसं आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी म्हातारीला बरं वाटलं. कालिंदीने एका हाताने कणीक मळली. लाटणं महिपतकडे दिलं, कारण लाटण्याने आग लागत नाही. मग कढई चढवली. ती कापण्या कापत असताना तेलातून धूर यायला लागला.

"अहो, तेल फार तापलं! बघा जरा!"

महिपतने बघितलं. फडकं भिजवलं, पिळलं आणि तेलावर ठेवलं.

तडतड, फाडफाड असा आवाज झाला. तेल छतापर्यंत उडालं, गॅसवर पडलं आणि जाळ उठला. कालिंदीने गॅस बंद केला आणि बाजूने मोठं ताट कढईवर सरकवलं. जाळ विझला. महिपतची अर्धी मिशी गेली. कापण्यांवर तेलाचा आणि काजळीचा सडा पडला होता. सगळी कणीक वाया गेली.

"तापल्या तेलात पाणी?" कालिंदीचा आवाज चिरकला. "पाण्याची वाफ होते आणि ती पेटतं तेल अंगावर फेकते! आता शेवटचं सांगते. भडकलं की आधी गॅस बंद करायचा. मग वरून ताट झाकायचं. पूर्ण गार होईपर्यंत उचलायचं नाही!"

"मग तसं आधी सांगायचं."

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंताचे सासरे, दौलतराव, स्वतःच आले.

"विहीणबाई, आज आखाड संपतो," ते ओट्यावरूनच म्हणाले. "आमच्या गावात सगळ्या सुनांच्या दुरड्या आल्या. आमचीच कुठं अडली? माणसं विचारतात मला!"

कालिंदी धावत आत आली. "अहो, चला बाहेर. व्याही भडकलेत."

महिपतने चहाखालचा गॅस बंद केला. मोठं ताट उचललं. बाहेर जाऊन ते दौलतरावांच्या डोक्यावर पालथं घातलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"अरे! अरे! सोडा!"

"गार होईपर्यंत नाही."

कालिंदीने ताट हिसकावलं. दौलतरावांचा फेटा गळ्यात आला होता. ती वाकून त्यांच्या पाया पडली, चारच्या गाडीपर्यंत थांबा म्हणून विनवलं. लेकीचं नाव घेतल्यावर ते कसेबसे बाजेवर टेकले.

आत येऊन ती महिपतला दबक्या आवाजात म्हणाली, "पाहुणा भडकला तर ताट डोक्यावर घालतात? ताट पुढे मांडायचं! हात जोडायचे, घ्या घ्या म्हणून आग्रह करायचा. पोट भरलं की माणूस शांत होतो."

"मग तसं आधी सांगायचं."

पुन्हा कणीक मळली. कालिंदी कढईशी उभी राहिली आणि नजर हटवली नाही. तळण झकास झालं. कापण्यांनी दुरडी भरली, वर फडकं बांधलं, दुरडी गॅसशेजारच्या लाकडी मांडणीवर गेली. शेवटचा घाणा कढईत होता. तेवढ्यात दौलतरावांनी पाणी मागितलं.

"एवढा घाणा काढा, कढई उतरवा आणि गॅस बंद करा," असं सांगून ती तांब्या घेऊन बाहेर गेली.

बायका रोज असंच बोलतात आणि करताना आधी गॅस बंद करतात. महिपतने सांगितलेल्या क्रमाने केलं. घाणा काढला. पेटत्या गॅसवरून भरली कढई उचलली. तेल हिंदकळलं, बर्नरवर सांडलं. भप्पकन जाळ उठला. कढई आदळून तिथेच बसली.

भडकलं होतं, यात महिपतला शंका उरली नाही.

बाहेर दौलतराव निवळले होते. "लेक गुणी आहे हो तुमची," असं ते म्हणत होते, तोच कालिंदीला धूर दिसला.

ती आत धावली. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, कढईवर ताट सरकवलं. दौलतरावांनी दारातली बांधकामाची वाळू घमेल्याने पेटत्या मांडणीवर टाकली. जाळ विझला. भिंत काळी झाली. मांडणी राहिली नाही.

समोर पाट मांडलेला होता. पाटापुढे रिकामं ताट होतं. ताटाजवळ महिपत हात जोडून बसला होता. त्याच्या भुवया गेल्या होत्या, तोंडावर समाधान होतं.

"दुरडी?" कालिंदीने विचारलं.

"हळू बोल," महिपत म्हणाला. "फार भडकला होता. ताट वाढलं, भागेना. मग मीच मुठी मुठीने वाढत गेलो. सगळ्या कापण्या खाल्ल्या, वर दुरडी खाल्ली, मांडणी खाल्ली. मग शांत झाला."

लांबून चारच्या गाडीचा हॉर्न वाजला. महिपत दौलतरावांकडे वळला.

"मागायला तुम्हीच लाजलात, व्याही. आता एकसुद्धा उरली नाही."