विसातला एक दगड

त्या माळावर थंडी गावचीच होती. ऊब मात्र बाहेरून येई.

सूर्य रोज उगवायचा, दिवसभर मनापासून तापायचा, पण उन्हाला तिथे कुणी ऊब म्हणत नसे. ऊन म्हणजे पिसं वाळवायची सोय. फुकट मिळतं ते काही खरं नसतं, असं सगळ्यांचं पक्कं मत. खरी ऊब म्हणजे दूरच्या आगडोंगराची. तिथे दगड तापवले जात आणि बगळ्यांच्या रांगेतून, या चोचीतून त्या चोचीत, संध्याकाळपर्यंत माळावर येत. रांग लांबलचक, ओढ्यानाल्यांतून उभी. दगड पुढे देण्याआधी प्रत्येक बगळा तो क्षणभर छातीशी धरायचा. एकाने धरला तर काही बिघडत नाही. पण सगळ्यांनीच धरला, की शेवटच्या घरी पोचेपर्यंत दगडात नुसता दगडच उरायचा.

शेवटचं घर टिटवीचं होतं. कड्याच्या सावलीत, जिथे ऊन वाट चुकूनही येत नसे.

टिटवीचा जीव मुळातच काळजीखोर. ही झोपेतसुद्धा पाय वर करते, आभाळ पडलं तर झेलायला, असं म्हणून सगळे हसायचे. पण मागच्या हिवाळ्यात बगळ्यांच्या रांगेजवळून एक गलेलठ्ठ बेडूक गेला. सगळे बगळे एकदम वाकले आणि सगळे दगड ओढ्यात गेले. मोठ्यांचं सर्दीवर भागलं. टिटवीची अंडी मात्र सकाळी गार लागली, ती पुन्हा काही गरम झाली नाहीत.

आता तिने परत चार अंडी घातली होती. दर थोड्या वेळाने ती उठायची, एकेका अंड्याला गाल लावून बघायची. गरम आहे ना? आहे. मग बसायची. बसल्यावर वाटायचं, मघाशी होतं, आता असेल का?

रांगेतल्या शेवटच्या बगळ्याला तिने एकदा धरलंच. "बगळेभाऊ, हा दगड गार आहे."

"वहिनी, निघाला तेव्हा चटका बसत होता."

"निघाला तेव्हाचं मी काय करू? माझी अंडी इथे आहेत."

"तक्रार माझ्या मागच्याकडे करा."

"आणि तो काय म्हणेल?"

"तो त्याच्या मागच्याकडे पाठवेल," असं म्हणून बगळा निघून गेला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. त्याला तेवढंच शिकवलेलं होतं.

आगडोंगराशी वाडवडिलांनी एक करार केलेला होता. पोराटोरांनाही तो पाठ होता. माळावर घरं वीस. रोज एकोणीस दगड डोंगराचेच घ्यायचे. घरी तापवायचा तो एकच. जास्त तापवला तर रांग बंद. हा घरचा दगड नंबराने एकेकाकडे यायचा. ज्याचा नंबर, त्याने दारात उन्हाला दगड ठेवायचा आणि रात्री त्यावर भागवायचं. त्या दिवशी त्याला डोंगराचा दगड मिळत नसे. ज्यांच्या दारात ऊन होतं त्यांचं ठीक होतं. टिटवीच्या दारात दगड सकाळी जसा ठेवावा तसाच संध्याकाळी उचलावा.

आणि तिचा नंबर दोन दिवसांवर आला होता.

ती मुंगूसरावांकडे गेली. ते माळाचे पंच. "भावजी, एवढा नंबर माझा टाळा. पिल्लं निघाली की दोन वेळा गारठून बसेन, तक्रार करणार नाही."

"अगं, तुझा टाळला तर उद्या जो तो शिंकत येईल," मुंगूसराव म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी नंबर मुंगूसरावांचाच होता. सकाळी बघतात तर त्यांच्या दारात दगड केवढा! तिघा मेहुण्यांनी मिळून लोटत आणलेला, म्हशीच्या डोक्याएवढा.

सगळा माळ जमा झाला. घोरपडकाकी मान वर करून म्हणाली, "अहो मुंगूसराव, हा दगड आहे का जावई? केवढी ती बडदास्त!"

"मोजा की," मुंगूसराव छाती काढून म्हणाले. "एकच आहे. करारात एक म्हटलंय. केवढा, ते कुठे म्हटलंय?"

कुरकुर झाली, पण बोलणं तर बिनचूक होतं. तेवढ्यात मागून टिटवीचा बारीक आवाज आला. "म्हणजे भावजी, केवढाही चालतो?"

"चालतो म्हणजे? चालतोच!"

"मग उद्या माझा नंबर आहे. माझा दगड मी आत्ताच सांगून ठेवते." आणि तिने पाय उचलून माळाच्या मधोमध दाखवला. तिथे कातळ होता. मोठा काळा कातळ, सबंध खळ्याएवढा. वर्षानुवर्षं त्यावर माती साठलेली, काटेकुटे पडलेले. कचरा टाकायची जागाच ती.

जो तो हसायला लागला. "आणि उचलून घरी नेणार कशी गं?"

"तो कशाला उचलायचा? घरटं उचलेन."

हसणं थांबलं नाही, पण जरा कमी झालं.

पहाट उजळताना टिटवी आणि तिचा नवरा माती उकरायला लागले. थोडे मदतीला आले, बरेचसे गंमत बघायला. पण बघणारा तरी किती वेळ नुसता बघणार? सायाळीने काटे ओढले. सशांनी माती उडवली, ती निम्मी एकमेकांच्या डोळ्यांत. घोरपडकाकी तेवढी लांब बसून होती. "मला काय गरज? माझ्या दारात ऊन मावत नाही."

"काकी, तुमच्या दारात मावत नाही आणि माझ्या दारात येत नाही," टिटवी म्हणाली. "इथे दोघींचं भागेल. आणि तुमच्या नखांशिवाय ही कड काही निघत नाही बघा."

"बोलायला कधी शिकलीस गं तू?" असं म्हणत काकी उठली आणि दुपारपर्यंत कड मोकळी झाली.

मग जागेवरून भांडणं. तुझी शेपटी माझ्या हद्दीत, माझी जागा वाऱ्याच्या तोंडाला. शेवटी ठरलं की राबलेल्या प्रत्येकाला सारखी जागा, आणि ज्यांच्या घरी अंडी-पिल्लं ते मध्ये. मुंगूसरावांनी नियम मोठ्याने सांगितला, जणू त्यांनीच शोधला. टिटवीने घरटं मध्ये मांडलं. उन्हाचा चटका वाढला की ती ओढ्यात पोट भिजवून येई आणि अंड्यांवर सावली धरून उभी राही.

सूर्य बुडाला. कातळ बुडाला नाही, तो तापलेलाच राहिला. डोंगराचे एकोणीस दगडही आले, ते त्याच्यावरच ठेवले. थोड्या वेळाने कळेना, दगडांमुळे कातळ गरम आहे की कातळामुळे दगड.

पुढचा नंबर सायाळीचा. तिने तोच दगड निवडला. तिच्या पुढच्यानेही तोच. मधे आभाळ भरून आलं तेव्हा कातळ जरा नरमला, आणि डोंगराचे दगड हवेसे वाटले.

मग एका संध्याकाळी दगड आलेच नाहीत. रांगेजवळून पुन्हा कुठला तरी बेडूक गेला होता.

टिटवीला मागची ती सकाळ आठवली. ती अंड्यांवर आणखी पसरून बसली. कडेची मंडळी आपणहून आत सरकली, पाठीला पाठ लागली. घोरपडकाकी वाऱ्याच्या बाजूला भिंतीसारखी आडवी झाली. मुंगूसराव म्हणाले, "जरा सरका, माझी शेपटी तिकडे येऊ द्या, अंड्यांना आडोसा होईल."

सकाळी शेवटचा बगळा तपासणीला आला. ओढ्यातल्या पाण्यात रात्र काढलेली, चोच निळी पडलेली. माळावर एकही जण कुडकुडताना दिसेना, याचाच त्याला संशय. तो कातळावर चढला आणि एका पायावर उभा राहिला. दुसरा पोटाशी घट्ट धरलेला.

"घरचे दगड किती तापवलेत?"

"एक," मुंगूसराव म्हणाले.

"आणि तो पलीकडचा?"

"याचीच पलीकडची बाजू."

बगळा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला, तेवढ्यात टिटवीच्या पोटाखाली टिच्‌ झालं. ती बाजूला झाली. अंड्यातून एक ओलं, लुकडं पिल्लू बाहेर आलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा उठलं आणि समोर जे उभं दिसलं त्याच्याकडे निघालं. बगळ्याच्या पायाला ते जाऊन टेकलं.

ही चोच कशाकशासाठी वाकते ते माळावर सगळ्यांना ठाऊक होतं.

बगळ्याने खाली पाहिलं. पिल्लू डोळे मिटून त्याच्या पायाला रेललं होतं, आणि कातळ अजून उबदार होता. तो मोजायचं विसरला. मग पोटाशी धरलेला दुसरा पाय त्याने हळूहळू सोडला आणि पिल्लाला धक्का लागणार नाही अशा बेताने कातळावर टेकवला.