न निघालेल्या हुकमाची तामिली

राजा प्रतापभानाचा नवा हुकूम टेकडीवरच्या गावात पोहोचला, तेव्हा येसू रंगारीण अजून आधीचाच हुकूम पाळत होती. शिपायांनी तिला तशीच, कोपरापर्यंत निळ्या हातांनी, दरबारात उभी केली.

राजा वाईट होता असे म्हणता येणार नाही. कष्टकऱ्यांचा त्याला फार कळवळा होता. फक्त तो कळवळा रोज वेगळ्या दिशेने येत असे. मागे त्याने फर्मावले होते की, मालकाने गड्यांना कामावर झोपू देऊ नये. झोपेत माणूस निळीच्या रांजणात पडायचा! मग एकदा जेवणानंतर त्याला स्वतःलाच छान डुलकी लागली आणि हुकूम निघाला, मालकाने गड्यांना दुपारी निजवलेच पाहिजे!

"तुझे गडी भरदुपारी जागे सापडले!" राजा गरजला.

"महाराज, दवंडीवाला आमची टेकडी चढेपर्यंत हुकूम बदललेला असतो."

"सबब नको! मालकाने हुकमाच्या पुढे असावे!"

"पुढे म्हणजे किती पुढे, महाराज?"

कोणीतरी खुसखुसले. राजाला ते झोंबले.

"सांगतो किती! उद्या दरबारात मी नवा हुकूम काढीन. तो तू उद्या पहाटेपासूनच पाळलेला हवा. नसलास पाळला, तर तुझ्या कारखान्याला कुलूप आणि गडी वाऱ्यावर!"

गड्यांच्या भल्यासाठी गड्यांनाच वाऱ्यावर सोडण्यात काही चुकते आहे, असे दरबारात कोणाला वाटले नसावे.

"जशी आज्ञा," येसू म्हणाली. "पण हुकूम राज्यातल्या प्रत्येक मालकाला लागू ना? की एकट्या मलाच?"

"प्रत्येकाला! माझ्या राज्यात कायदा सगळ्यांना सारखा!"

दुसऱ्या दिवशी राजा सिंहासनावर बसला आणि दचकला. शेजारी चवरी ढाळणारा नेहमीचा चाकर, आणि त्याला खेटून निळ्या हातांचा एक गडी रिकामाच हात तसाच हलवतो आहे! दाराशी भालदार ताठ उभा, तर बाजूला दुसरा निळा गडी तेवढाच ताठ. पाणी भरणाऱ्या दासीच्या मागोमाग एक निळी बाई घागर घेऊन चाललेली.

"हा काय तमाशा?"

"हुकूम पाळणं चाललंय, महाराज. पहाटेपासून," येसू पुढे येत म्हणाली. "आता तो काढा."

राजाने मिशीला पीळ दिला. "ऐका! आज पहाटेपासून प्रत्येक मालकाने गड्यांना कामाआधी गरम न्याहारी दिलीच पाहिजे! दिलीस?"

"नाही, महाराज."

"सापडलीस!"

"सापडले खरी. पण तुमच्या चवरीवाल्यानं शिळी भाकरी खाल्ली, म्हणून माझ्या गड्यानंही शिळीच खाल्ली. विचारा त्याला."

चवरी थांबली. "जरा कडकच होती, महाराज," चवरीवाला पुटपुटला.

राजाने घसा खाकरला. "तो हुकूम राहू दे. दुसरा घ्या! उभ्याने काम करणाऱ्याला मधूनमधून बसू दिले पाहिजे!"

"भालदारकाका, पहाटेपासून बसलात का हो?" येसूने विचारले.

"पहाटेपासून? पोरी, मी गेल्या दसऱ्याला बसलो होतो!"

दरबारात हशा पिकला. दिवाणजी घाईघाईने राजाच्या कानाशी लागले. "महाराज, आपण स्वतः पाळलेला एखादा हुकूम काढावा."

"मग तो तिनेही पाळलेलाच असणार ना, शहाण्या!"

दिवाणजी मागे सरकले. येसूने हात जोडले.

"महाराज, आपल्या मनातलं मला कुठून कळणार? पण राज्यातले सगळ्यांत मोठे मालक आपणच, एवढं ठाऊक होतं. म्हणून तुमच्या चाकरांचं पहाटेपासून जे झालं, तेच माझ्या गड्यांचं होऊ दिलं. आता कोणताही हुकूम काढा. मी तो मोडला असेल, तर आपणही मोडलाय. कुलूप आधी राजवाड्याला लावा. त्या बाबतीत मी आपल्या मागे राहीन!"

राजाने एकदा चवरीवाल्याकडे, एकदा भालदाराकडे पाहिले, आणि मग तो असा खदखदून हसला की मुकुट कानावर आला.

"दिवाणजी, लिहा! राजवाड्याचं सगळं कापड यापुढे येसूकडे रंगायला जाईल. आणि नवा हुकूम आधी वाड्यात वर्षभर पाळायचा. मग दवंडी!"

"पहिला कोणता घ्यायचा, महाराज?" दिवाणजींनी विचारले.

"तोच, बसण्याचा!"

भालदार मात्र लिहून व्हायची वाट पाहत थांबला नव्हता. तो केव्हाच खाली बसला होता.