दोन ठिपक्यांची वाडी

"त्या छापील चिटोऱ्यात असं काय आहे, बाबा, जे माझ्या चित्रात नाही?"

हेरंबच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. का जाऊ नये? मठाची रीत अशी, की दीक्षा मागणाऱ्यानं आपल्या हातची एक वस्तू द्यायची. गुरूंनी ती ठेवून घेतली की दीक्षा मिळाली. हेरंब चित्रकलेत पहिला आलेला. त्यानं उन्हातान्हात बसून टेकडीवरून दिसणारं गाव रंगवलं. मठाचे गुरू गैबीनाथ यांनी ते पाहिलं, आणि उलटं करून ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवलं.

भिंतीवर मात्र ते जुनं छापील चित्र तसंच. गाव हेच, पण काढणारा चित्रकला कधीच न शिकलेला कुणीतरी. कुठल्याशा छापखान्यानं एके काळी त्याच्या प्रती काढल्या, त्यातली ही एक. कडा पिवळ्या पडलेल्या, निळा रंग विटलेला.

"बघा तरी!" हेरंब ओरडलाच. "पुढची घरं, मागची घरं, सगळी सारखीच मोठी. नदीपलीकडची वाडी म्हणजे देवळाएवढी! तिथल्या दारातली बाई नाकाडोळ्यांसकट दिसते. एवढ्या लांबून? ह्या अडाण्याला लांब-जवळ तरी कळत होतं का?"

गैबीनाथ अंगणातल्या चुलीपुढे भाकऱ्या थापत होते.

"तुझ्या चित्रात ती वाडी कुठंय?"

"आहे की. ते दोन ठिपके."

"आणि ती बाई?"

"ती कशी दिसेल? लांबचं लहान दिसतं, बाबा. नियमच आहे तो."

"हं..."

नाथांनी भाकरी उलटली.

"जा. त्या वडाखाली उभा राहा."

चित्राचं सोडून हे काय भलतंच! हेरंब पाय आपटत गेला. वड चांगलाच लांब होता. पोटात कावळे ओरडत होते, डोकं तापलं होतं. तिथून त्याला दिसलं, की नाथांनी हात लांब करून अंगठा त्याच्यावर धरलाय. मग त्यांनी हाक मारली.

"थट्टा लावलीय का माझी?" आल्या आल्या हेरंब कडाडला. "दीक्षा देणार की नाही, एकदा सांगून टाका!"

नाथांनी परातीतून चिमूटभर पीठ उचललं, नखाएवढं थापलं आणि तव्यावर टाकलं.

"हे काय?"

"तुझी भाकरी. वडाखाली उभा होतास, तेव्हाच माप घेतलं."