मुकुट नसलेलं पत्र

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे होते आणि त्यांना रिकामा वेळही भरपूर होता.

एका नगरात एक बाई राहायची. लोक तिला ठसेवाली म्हणत. ती कागदाचे छोटे चौकोन कापायची. कापडाच्या बोळ्याने दोन रंगांच्या शाया त्यांवर एकमेकींत मिसळवायची, वर लाकडी ठसा दाबायची आणि असे चार चौकोन जाड कागदावर चिकटवून भेटपत्र करायची. बारशाच्या घरी पिवळ्यात मिसळलेला गुलाबी जाई, दुःखाच्या घरी राखाडीत विरलेला निळा.

घरोघरी पत्रं जातात आणि त्यांवर आपली काही खूण नाही, हे राजाला खुपलं. त्याने दवंडी पिटवली, "यापुढे प्रत्येक भेटपत्रावर लाल शाईत माझा मुकुटच उमटेल. दुसरा ठसा चालणार नाही."

राजा बोले, दल हाले. राजवाड्यात मुकुटाची पत्रं धडाधड छापली जाऊ लागली. ठसेवाली मात्र तडक दरबारात गेली.

"महाराज, माझ्या शेजारणीचा मुलगा तुमच्या लढाईत मारला गेला. तिच्यासाठी पत्र करायचंय. त्यावर तुमचा मुकुट छापू?"

"छाप की! तिला अभिमान वाटेल."

"तिला पोरगा हवा होता, महाराज. मुकुट नव्हे. मी नाही छापणार."

राजा संतापला. शिपायांनी तिचे सगळे ठसे उचलून नेले. दुसऱ्या दिवशी तिने भेंडी आडवी कापली, शाईत बुडवली आणि कागदावर फूल उमटवलं. तर राजाने भेंडीवरच बंदी घातली! भाले घेतलेले शिपाई बाजारात भेंडीच्या टोपल्यांवर पहारा देऊ लागले. याला राज्य म्हणावं की पोरखेळ, तुम्हीच सांगा.

मग ठसेवाली शेजारणीचं पत्र घेऊन भर चौकात बसली आणि तिने स्वतःचा अंगठाच शाईत बुडवून त्यावर उमटवला. तिला धरायला शिपाई धावले, तेवढ्यात भाजीवाली आडवी आली.

"मावशी, सरका जरा," म्हणत तिनेही कागदावर अंगठा दाबला. मग कुंभार आला, कोष्टी आला, शेतकऱ्यांची तर रांगच लागली. शेवटी एका शिपायाने भाला खाली ठेवला.

"तो माझ्या शेजारी लढत होता," एवढंच तो म्हणाला आणि त्यानेही अंगठा उमटवला.

राजा चौकात येऊन गरजला, "कोणी केलं हे पत्र?"

सगळ्यांनी रंगलेले अंगठे वर केले. आता तोडणार तरी किती अंगठे? मग नांगर कोण धरणार आणि भाला तरी कोण धरणार? राजा हात चोळत परत गेला.

अंगठ्यांनी गच्च भरलेले ते चार चौकोन त्या आईच्या हाती पडले. एकेका ठशावर बोट ठेवत ती कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने रडली. मुकुटाची पत्रं मात्र कोणीच घेतली नाहीत. ती फुटाण्यांच्या पुड्या बांधायला गेली.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःचा मुकुट छापू पाहणाऱ्याला 'नाही' म्हणावं, आणि मोठ्याने म्हणावं.