रुचिकेताची पिसे

एका राज्यात दगडाचे पोपट घडवण्याची शाळा होती. पोपटाला काहीही विचारावे, तो उत्तर देई: पाऊस कधी, वाट कुठली, तापावर काढा कोणता. या पोपटशाळेचा प्रमुख होता रुचिकेत. त्याच्यावर देखरेख ठेवायला राजाने तीन मांत्रिकांची सभा नेमली होती. एका दुपारी सभेने दवंडी पिटवली, "रुचिकेत आजपासून प्रमुख नाही." कारण सांगितले नाही.

त्या राज्याला जुना शाप होता. कारण न देता कुणाला पदावरून काढले, की लोकांचा प्रत्येक अंदाज त्या माणसाच्या अंगावर पीस होऊन उगवे. अंग भरले की तो पक्षी होऊन उडून जाई, आणि परत येत नसे.

अंदाजांना काय तोटा! "शत्रूच्या राजाला पोपट विकले म्हणे," पाणवठ्यावर गोदू धोबीण म्हणाली. रुचिकेताच्या मनगटावर करडे पीस फुटले. "छे, लपून दगडाचा माणूस घडवलाय म्हणे." दुसरे फुटले. "राजकन्येला मागणी घातली म्हणे!" ही गोष्ट लोकांना फारच आवडली. घटकाभरात त्याची पाठ भरली.

शाळेत पोपटांच्या चोची कोरणारी शर्वाणी होती. तिला छिन्नी धरायला रुचिकेतानेच शिकवले होते. ती म्हणाली, "खरं कारण कळलं की अंदाज संपतील. मी आणते."

"जेवून जा," रुचिकेत म्हणाला. त्याचा आवाज आतापासूनच चिवचिवत होता.

"जेवायला वेळ कुठे आहे!" ती उंबऱ्याबाहेरून ओरडली.

पहिला मांत्रिक भस्मशर्मा राखेच्या टेकडीवर राही. "माझ्या विहिरीतलं सूर्याचं प्रतिबिंब न हिंदकळवता वर आण," तो म्हणाला. शर्वाणीने ते परातीत आणले. भस्मशर्म्याने दाढी कुरवाळली. "कारण विदुलेला ठाऊक. तिने हात वर केला, म्हणून मी केला."

विदुला तळ्याच्या तळाशी राही. "तीन वाऱ्यांची वेणी घाल," ती म्हणाली. तिसरा वारा फार चावरा होता, तरी शर्वाणीने वेणी घातली. विदुला म्हणाली, "कारण कालभटाला ठाऊक. त्याने मान डोलावली, म्हणून मी हात वर केला."

कालभट वडाच्या ढोलीत राही. "समोरचा डोंगर जन्मात हसलेला नाही. त्याला हसव," तो म्हणाला. शर्वाणीने डोंगराला राजकन्येची गोष्ट सांगितली. डोंगर एवढा हसला, की त्याचे दोन सुळके ढासळले. कालभट म्हणाला, "कारण भस्मशर्म्याला ठाऊक असणार. त्याचं तोंड वाकडं झालं, म्हणून मी मान डोलावली."

"म्हणजे तिघांनी मिळून एका माणसाला घालवलं, आणि का ते कुणालाच ठाऊक नाही?"

"सभेत असं विचारत नाहीत, मुली."

"मग काय विचारतात?"

कालभटाने विचार केला. "पान कुणाला हवंय, ते."

शर्वाणीने तिघांना हाताला धरून नगरात आणले. रुचिकेत शाळेच्या कठड्यावर बसला होता. फक्त चेहरा उरला होता. वाचा गेली होती. खाली गर्दी जमली होती. "आज उडणार म्हणे," कुणीतरी म्हणाले, आणि त्याच्या हनुवटीवर पीस आले.

"बोला," शर्वाणी म्हणाली.

मांत्रिकाने 'ठाऊक नाही' म्हटले, की त्याचे केस वीतभर आखूड होतात. म्हणून ते कधी तसे म्हणत नाहीत. भस्मशर्म्याने दाढीकडे एकदा प्रेमाने पाहिले.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. तोंड वाकडं झालं ते त्यामुळे."

दाढी वीतभर गेली. मग कालभटाची शेंडी गेली, विदुलेची वेणी आखूड झाली.

"आणि तुम्हाला?" शर्वाणीने गर्दीला विचारले.

"माझी गोष्ट किती छान रंगली होती गं," गोदू कुरकुरली. तेवढ्यात रुचिकेताचे पाय कठड्यावरून सुटले. "नाही बाई, मला नाही ठाऊक!" गोदू किंचाळली. मग सगळेच 'ठाऊक नाही, ठाऊक नाही' असे ओरडू लागले. पिसे झरझर गळाली आणि रुचिकेत धपकन पिसांच्या ढिगात पडला.

एकच पीस राहिले. छातीवर, सोनेरी, पक्के रुतलेले.

"हे कुणाचं?" विदुलेने विचारले.

"शर्वाणीचं," रुचिकेत म्हणाला. त्याची वाचा परत आली होती. "पहिल्याच दिवशी ती म्हणाली, 'यांचा काहीच दोष नाही, नक्कीच.'"

"तो अंदाज नव्हता! ते खरं आहे!"

"तुला कुणी सांगितलं?"

शर्वाणी त्या सोनेरी पिसाकडे बघू लागली.

"सभा विचारायची, पोपट कसे आहेत? मी म्हणायचो, छान. अकरा पोपट खोटं बोलायला लागले होते. वाटलं, आधी दुरुस्त करू, मग सांगू."

"मला तरी सांगायचं होतं!"

"तू माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघायचीस, त्यांच्यासमोर धीर झाला नाही."

शर्वाणीला आधी राग आला, मग रडू आले. तिने ते पीस चिमटीत धरले. "मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली, आणि ते अलगद तिच्या हातात आले. शाप सुटला.

राजाने रुचिकेताला पुन्हा प्रमुख केले, आणि कारण न देता कुणालाही काढायचे नाही असे सभेला बजावले. सभेने विचारले, "पोपट कसे आहेत?"

"अकरा बिघडलेत," रुचिकेत म्हणाला. शर्वाणी छिन्नी आणायला केव्हाच पळाली होती.

त्यांचे अकरा सुधारले, तसे तुमचे-आमचेही सुधारोत.