भागोजीची मुलाखत

बोरखेडी म्हणून एक गाव होतं. तिथं भागोजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा. म्हणून त्याला कुणी काम सांगत नसे.

एक दिवस सासऱ्याचा निरोप आला, "पाडव्यापर्यंत जावयाला नोकरी लागली नाही, तर लेकीला घेऊन जाईन." गिरिजावर, म्हणजे बायकोवर, भागोजीचा भारी जीव. तिचाही त्याच्यावर होता. का, ते तिलाही सांगता येत नसे.

दूध डेअरीत शिपाई हवा होता. गिरिजानं सदरा धुऊन दिला, भांग पाडून दिला आणि ती म्हणाली, "साहेबांवर चांगली छाप पाडून या."

डेअरीत साहेबांच्या टेबलावर शिक्क्याच्या शाईचं पॅड होतं. भागोजीनं त्यात पंजा दाबला आणि साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर उमटवला. पाचही बोटं सुरेख आली.

"अहो, साहेबाला हात लावायचा नसतो!" गिरिजा म्हणाली. "लांबूनच नमस्कार करायचा."

"असं होय!"

मग साखर कारखान्यात मुलाखत. साहेब बसायला गेले आणि खुर्चीचा पायच मोडला.

"अरे धर, धर मला!"

भागोजी चार पावलं मागं सरकला. हात जोडून म्हणाला, "नमस्कार साहेब."

साहेब जमिनीवरूनच म्हणाले, "चालता हो."

"अहो, माणूस खाली जाताना दिसला, की धावत जाऊन गच्च धरायचं!" गिरिजा म्हणाली.

"असं होय!"

मग शाळेत मुलाखत. भागोजी आत शिरला, तेव्हा अध्यक्ष आपल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या पाया पडायला वाकत होते. भागोजी धावला. कमरेला मिठी घालून त्यानं अध्यक्षांना वर उचललं.

"सोड!"

"पडाल की!"

गुरुजींनी अध्यक्षांना हवेतच आशीर्वाद दिला.

हे ऐकून गिरिजा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "आता काहीही करायच्या आधी समोरच्याला विचारा. हो म्हणाला तर करा, नको म्हणाला तर राहू द्या."

"असं होय!"

मग धान्याच्या गोदामात राखणदाराची जागा निघाली.

"आत येऊ का?"

"ये."

"बसू का?"

"बस."

"खोकू का?"

मालक खूश! "इतका विचारून वागणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. उद्यापासून ये कामावर!"

गिरिजानं गल्लीत पेढे वाटले.

आठवड्यानं मालक एका लग्नाला जाऊन आले. बघतात तर गोदाम रिकामं. दारात भागोजी ताठ उभा.

"अरे, पोती कुठायत?"

"भरदुपारी चोर आला होता, साहेब."

"मग धरलं का नाहीस त्याला?"

"विचारलं की, 'धरू का?' तो 'नको' म्हणाला."

भागोजीच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"पण साहेब, असा माणूस आपल्याकडं कामाला पाहिजे. फार शिस्तीचा! 'नेऊ का?' असं मला विचारल्याशिवाय त्यानं एक पोतं उचललं नाही."